माळ्यावरची पितळी हत्यारं



प्रत्येकानं आपल्या कामधंद्यातलं काहीतरी सांगायचं ठरलंय. माझी तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली, त्यामुळं जुनं हत्यार दिसलं की हात शिवशिवतात. गेल्या दिवाळीत आपल्यातल्याच एकानं, जुनं घर पाडायला काढलेलं असताना, माळ्यावरच्या पेटीचे फोटो पाठवले. "हे पितळ किलोवर घालू का?" भंगारवाला दारात उभा. मी म्हटलं, "त्याला चहा पाज आणि वाटेला लाव."

पेटीत टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, दांडा फिरवायचा एक छोटा चरक होता. लाकडी मुठीचं माप होतं, ठासणी होती, टोपी काढायची-बसवायची जोडी होती. बारा बोरची काडतुसं घरी भरायची ही हत्यारं. दाजीपूरचं जंगल १९५८ साली अभयारण्य झालं. त्याआधी ते कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. बंदूक बाळगणारी घरं आपल्या पंचक्रोशीतही होती, कुणाकडं शिकारीला, कुणाकडं पिकाच्या राखणीला.

काडतूस महाग, म्हणून उडवलेली नळी जपून ठेवत. जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू मापायची, वर नमद्याची चकती, मग छर्रे, त्यावर पुठ्ठ्याची चकती. शेवटी कागदी नळीची कड आत वळवायची, चरक त्यासाठी. हत्यारावरचा १२ आकडा पाहून मित्राला ते १९१२ साल वाटलं होतं! तो बोर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणून सोळा बोरची नळी बारापेक्षा लहान.

मापावर एका बाजूला ड्रॅम, दुसऱ्या बाजूला औंस. ड्रॅमच्या खुणा काळ्या दारूच्या. नव्या, बिनधुराच्या दारूला तेच माप लावलं तर नळी फुटते, माणूस जातो. म्हणून हे माप बघायचं, वापरायचं नाही.

आता ओळख. भिंग घेऊन शिक्का शोधा. जेम्स डिक्सन अँड सन्स किंवा हॉक्सली असेल तर माल शेफील्डचा. आयडियल म्हणजे अमेरिकेतलं न्यू हेवन; ती कंपनी १८८४ ची, १९२५ साली लायमनकडं गेली. तेव्हा आयडियलच्या हत्यारावर लायमनचं नाव दिसलं तर ते त्यानंतरचं. कधीकधी शिक्का बंदूक विकणाऱ्या दुकानाचा असतो. त्याला कारखानदार समजू नका.

किमतीचं म्हणाल, तर बारा बोरची सुटी हत्यारं जगात उदंड. त्यांना भाव बेताचाच. चार किंवा आठ बोरची मिळणं अवघड. पिनेच्या जुन्या काडतुसाची असतील, म्हणजे पिनेसाठी खाच असेल, तर आणखी जुनी. संच पुरा, पेटी मूळची, मूठ न बदललेली असेल तर किंमत चढते. स्क्रू बघा: नव्या मापाचा चकचकीत स्क्रू म्हणजे मध्ये कुणीतरी हात घातलाय. आणि चिंच लावून घासू नका, हात जोडून सांगतो! शिक्का पुसट होतो आणि गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

पेटीच्या तळाशी दोन भरलेली काडतुसं निघाली. मित्रानं हात न लावता पोलीस ठाण्यात फोन केला, ते येऊन घेऊन गेले. शहाणपणा केला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री धरलीय. म्हणून विकण्याआधी, कुणाला देण्याआधीसुद्धा ठाण्यात विचारा. शंभर वर्षांपुढची वस्तू असेल तर परदेशी पाठवण्याआधी १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही आडवा येतो.

मित्राचा संच त्याच्याकडंच आहे, रीतसर कळवून. आज आणलेला नाही. मागच्या भिंतीवर फोटो लावलेत. तुमच्या माळ्यावर असं काही निघालं तर मला फोटो पाठवा. शेजारी फूटपट्टी ठेवून काढा, म्हणजे बोर मोजता येईल.