मुलांचा रिकामा वेळ आणि शाळेतील गळती



मुलाचे नाव पटावरून कमी होते, तो दिवस शाळेच्या दप्तरात नोंदला जातो. परंतु त्याचे मन शाळेतून ज्या दिवशी उठले, त्या दिवसाची नोंद कोठेच नसते. तो दिवस बहुधा पुष्कळ आधीचा असतो. सातवी-आठवीच्या सुमारास मुलगा साकवावर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा जेटीवर तासन् तास बसू लागतो, मोबाईलवर बोट फिरवीत राहतो, आणि विचारले असता ‘कंटाळा येतो’ एवढेच सांगतो. मोठी माणसे यास आळस म्हणतात. वस्तुतः आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव पुष्कळदा त्या कंटाळ्याच्या मुळाशी असते. अशा वेळी हर्णैच्या होडीवरील काम, आंब्याच्या बागेतील हंगामी मजुरी किंवा मुंबईच्या नातेवाइकाचे बोलावणे त्याला शाळेहून मोलाचे वाटले, तर नवल नाही. तेथे त्याची कोणाला तरी गरज असते.

या दुखण्यावरील एक उपाय याच जिल्ह्यात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दिसून आला. दापोली तालुक्यातील मुरुड येथील सोमण गुरुजी गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम आपल्या एका विद्यार्थ्याकडे देत. देवळात जमलेली वडीलधारी मंडळी त्या मुलाच्या तोंडून जगाची वार्ता ऐकत. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. १८७५ साली तो घाट चढून पायी साताऱ्यास परीक्षेसाठी गेला. पण वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तेथेच त्याचे शिक्षण संपते, तरी कोणास आश्चर्य वाटले नसते. परंतु त्याने जिद्द सोडली नाही. तो मॅट्रिक झाला १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापणाऱ्या महर्षींनी १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. लोकसेवेचा पहिला धडा त्यांना मुरुडच्या गुरुजींकडूनच मिळाला होता.

प्रत्येक मुलगा कर्वे होणार नाही. परंतु प्रत्येक गावाला उपयोगी पडेल असे काम मुलाला देता येते. पर्जन्यमापकातील पाऊस रोज मोजून फळ्यावर लिहिणे, विहिरीच्या पाण्याची पातळी नोंदविणे, वाडीतील वृद्धांना वर्तमानपत्र वाचून दाखविणे, ही कामे खर्चाची नाहीत. मात्र ते काम खरोखरीच गरजेचे असावे, ते एका मुलाच्या नावाने ओळखले जावे, आणि एके दिवशी ते झाले नाही तर कोणीतरी त्याची चौकशी करावी. शिक्षकांची घरगुती कामे हे त्याचे रूप नव्हे.

येथे दोन गोष्टींचे भान हवे. दारिद्र्यामुळे सुटणारी शाळा केवळ अशा कामाने टिकत नाही. तेथे शिष्यवृत्ती व वसतिगृह यांची वाट पालकांना दाखविली पाहिजे. आणि मुलींचे दुखणे बहुधा उलटे असते. पाणी, धुणे व धाकटी भावंडे यांतून त्यांना रिकामा वेळच उरत नाही. त्यांच्यासाठी घरी जाऊन एक तास मागून घेणे, हेच पहिले काम होय.

२००९ च्या कायद्याने दिलेला शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा या वयापुरता आहे. त्यापुढील वाटेवर मूल टिकते, ते त्याआधी लागलेल्या ओढीच्या बळावर. ती ओढ लावणे प्राथमिक शिक्षकांच्या हाती आहे.