वाचनेनंतर पृच्छना



खुटबावच्या विद्यार्थ्याला आज प्रत्येक ग्रंथासाठी पुण्याची वाट धरावी लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य अभ्यासता येतात. तथापि तेथे मोती आणि काच एकाच ताटात असतात. परीक्षा-अर्जाची एक खोटी तारीख मुलाचे वर्ष वाया घालवू शकते.

पारख कशी करावी? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश आता संगणकावरही आहे. त्यातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. म्हणजे लिहिल्याचे उत्तरदायित्व कोणीतरी घेतलेले असते.

स्वाध्यायात वाचनेनंतर पृच्छना सांगितली आहे. कोणी लिहिले, केव्हा, कशासाठी, हे आपण मुलांसमवेत बसून विचारू या.

जय जिनेंद्र!