ताप उतरल्यावर



२०२१च्या मे महिन्यात तुमच्यापैकी काहींचे फोन मला मध्यरात्री दोन-अडीचला यायचे. तुमच्याकडे परदेशात तेव्हा दुपार कललेली असायची. सगळ्यांचा प्रश्न एकच, ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाची इंजेक्शनं कुठे मिळतील? आणि त्यामागोमाग हमखास एक वाक्य, "पण डॉक्टर, बाबा तर बरे होऊन घरी आले होते हो!"

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्याआधीच्या सगळ्या नोकरीत म्युकरमायकोसिसचे रुग्ण मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले होते. त्या उन्हाळ्यात ओपीडीबाहेर त्यांची रांग लागली. एक गृहस्थ तर आधी डेंटिस्टकडे जाऊन आले होते. वरचे दात हलताहेत, एका बाजूचा गाल बधिर झालाय, एवढीच तक्रार. कोविड होऊन तीन आठवडे झाले होते. दात चांगले होते. ते ज्या हाडात बसले होते ते हाड मरत चाललं होतं.

लोक या आजाराला 'काळी बुरशी' म्हणू लागले. बुरशी काळी नसते हो. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, आतलं रक्त गोठतं, पुढच्या भागाला पुरवठा थांबतो आणि तो भाग काळा पडतो. काळं दिसतं ते आपलंच मेलेलं मांस. औषध तिथवर पोचत नाही, कारण ते न्यायला रक्तच नसतं. म्हणून आम्हाला कापावं लागतं. कधी टाळू, कधी जबडा, कधी डोळा. घरच्यांना डोळ्याबद्दल सांगायची सवय मला अजून झालेली नाही.

या बुरशीचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो. मातीत, सडक्या फळांत, शिळ्या पावावर ती असतेच. मग तेव्हाच ती एवढी का माजली? तिला वाट करून देणारे तिघे होते : कोविड, मधुमेह आणि स्टेरॉइड. रक्तातली साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. रक्त आम्लधर्मी झालं तर बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि लोह हे या बुरशीचं पक्वान्न. त्यात स्टेरॉइडने साखर आणखी चढते, प्रतिकारशक्ती आणखी दबते.

स्टेरॉइडला मी खलनायक ठरवणार नाही. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत २०२०च्या जूनमध्येच दिसलं होतं, की डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना मात्र फायदा नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं. आमच्याकडे हा दुसरा भाग बऱ्याच जणांनी वाचलाच नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी प्रिस्क्रिप्शनं पाहून लोक घरच्या घरी गोळ्या घेत होते, साखर न तपासता. देशात २०२१च्या जूनअखेर म्युकरमायकोसिसचे चाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे.  

पहिलं दुखणं दार उघडतं आणि आत भलताच कुणी शिरतो, हे आपल्या आजी-पणज्यांनीही पाहिलं होतं. १९१८ची 'मानमोडी' तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकली असेल. तो फ्लू. पण नुसत्या विषाणूने गेलेले त्यात कमीच असावेत. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्या साथीतल्या ५८ मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे तुकडे पुन्हा तपासले, तर जवळजवळ सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा निघाल्या. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असतात, ते कचरा वर ढकलतात. विषाणूने ते अस्तरच सोलून काढलं आणि एरवी नाकाघशात गुमान राहणारे जिवाणू खाली उतरले.

गंमत म्हणजे त्या काळी या पाठून आलेल्यालाच मूळ आरोपी समजत होते. १८९२ मध्ये फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत एक जिवाणू सापडला आणि त्याने तोच फ्लूचं कारण म्हणून जाहीर केला. खरा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये, लंडनला. मधल्या काळात फायफरचा जिवाणू वाढवून पाहायची सगळ्यांची धडपड, पण घशातले बाकीचे जंतू त्याला बशीत जागाच देत नसत. अलेक्झांडर फ्लेमिंगच्या लक्षात आलं, की त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका बुरशीचा रस, म्हणजे पेनिसिलिन, बाकीच्यांना मारतो, याला मात्र सोडतो. पेनिसिलिनवरच्या त्याच्या १९२९च्या पहिल्या निबंधाच्या शीर्षकातच हा उपयोग नोंदलेला आहे. म्हणजे फ्लूच्या पाठोपाठ माणसं मारणारा न्यूमोकोकस हा जिवाणू ज्याने पुढे आवरला, ते औषध आधी कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या बशीतलं तण काढायला वापरलं जात होतं.