चार बाजू आणि एक आवाज

संगीतांत पांडित्य वाढूं लागलें म्हणजे साध्या गाण्याचें काय होतें, हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रांतील रसिकांस तो तानबाजी आणि बोल यांच्या भांडणांतून ओळखीचा आहे. इंग्लंडांत तोच प्रश्न १९७० सालीं एका जोड-तबकडीच्या रूपानें उभा राहिला. कँटरबरी या जुन्या धर्मपीठाच्या गांवाशीं नातें सांगणाऱ्या 'सॉफ्ट मशीन' या वादकमंडळीची 'थर्ड' ही ती तबकडी होय. यूरोपांत प्रागतिक रॉक आणि जाझ यांचा संगम कोठें झाला, असें विचारल्यास जाणकार ज्या थोड्या तबकड्यांकडे बोट दाखवितात, त्यांत हिची गणना होते.

तिला चार बाजू आहेत. प्रत्येक बाजूवर एकच रचना, आणि प्रत्येक रचना सुमारें १८-१९ मिनिटांची. तीन-चार मिनिटांत आटोपणाऱ्या गाण्याला सरावलेला श्रोता या विस्तारानेंच बिचकतो. ज्याच्या अंगीं ख्याल ऐकण्याचा धीर आहे, त्याला मात्र त्याचें ओझें वाटत नाहीं.

पहिल्या बाजूवरील ह्यू हॉपर यांची 'फेसलिफ्ट' ही रचना जलशांतील ध्वनिमुद्रणांचे तुकडे सांधून केलेली आहे. सांधे कानाला खटकतात, ध्वनिहि घोगरा आहे; पण माइक रॅटलेज यांचें ऑर्गन तेथें असें गुरगुरतें, कीं प्रार्थनामंदिरांत वाजणारें तें हेंच वाद्य का, अशी शंका यावी. दुसरी आणि चौथी बाजू रॅटलेज यांची. तेथें विषम मात्रांचें चलन आहे, एल्टन डीन यांचा सॅक्सोफोन आहे, आणि चौथ्या बाजूच्या आरंभीं फितीवर मुद्रित केलेलीं सुरांचीं आवर्तनें एकमेकांत गुंतत जातात. हा संस्कार टेरी रायली या अमेरिकन रचनाकारांचा. त्याच रायली यांनीं १९७० सालीं किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचें शिष्यत्व पत्करलें, ही गोष्ट मौजेची आहे. या दोन बाजूंनीं बुद्धि तृप्त होते. परंतु माणूस भेटल्याचा आनंद त्यांत थोडा.

मग तिसरी बाजू लागते, आणि एक माणूस गाऊं लागतो. रॉबर्ट वायट हे मंडळीचे ड्रमवादक. आवाज उंच, किंचित् चिरका. शेजारच्या खोलींत कोणी स्वतःशींच बोलत असावें तसा. 'मून इन जून' या रचनेचा पहिला आराखडा त्यांनीं १९६८ सालीं अमेरिकेंत केला होता, आणि परमुलखांत राहिलेल्या माणसाची घरची ओढ तींत आहे. पूर्वार्धांतील बहुतेक वाद्यें ते एकटेच वाजवितात. रॅटलेज आणि हॉपर येतात ते उत्तरार्धांत. सोबती असतांना गाणाऱ्यानें एकट्यानें साथ उभी करावी, यांतच पुढील फाटाफूट ऐकूं येते.

१३ ऑगस्ट १९७० रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें, अभिजात संगीताच्या 'प्रॉम्स' या महोत्सवांत, या मंडळीचें वादन झालें. त्यापूर्वी वायट बाहेर आले, तों द्वारपाल त्यांस पुन्हां आंत सोडीना, अशी आठवण त्यांनींच सांगितली आहे. मंडळींतहि पुढें तसेंच घडलें. 'फोर्थ' या नंतरच्या तबकडींत शब्दाला जागा उरली नाहीं, आणि १९७१ सालीं वायट बाहेर पडले. आपल्या नव्या मंडळीला त्यांनीं 'मॅचिंग मोल' हें नांव दिलें. 'सॉफ्ट मशीन' याचें फ्रेंच भाषांतर इंग्रजी कानाला असेंच कांहींसें ऐकूं येतें. दुःख थट्टेंत लपविण्याची ही त्यांची रीत!

१ जून १९७३ रोजीं एका मेजवानीच्या वेळीं ते खिडकींतून खालीं पडले, आणि कमरेखालील शरीर कायमचें लुळें झालें. पायांनीं वाजवावयाचे ड्रम सुटले. पुढच्याच वर्षीं 'रॉक बॉटम' ही त्यांची तबकडी निघाली. तिला अपघाताचा विलाप म्हणण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाहीं. तींतील रचनांचा आरंभ अपघातापूर्वींच व्हेनिस येथें झाला होता. इस्पितळांत त्या वाढल्या. त्यांत ताल हलका झाला, सुरांच्या लाटा सावकाश सरकूं लागल्या, आणि शब्द संपले तेथून तोच चिरका आवाज नुसत्या स्वरांनीं पुढें गेला. कांहीं गाण्यांत हॉपर यांची बेस गिटार आहे. जुना सोबती या वेळीं गाण्याच्या साथीला बसला.

'थर्ड'ला कमी लेखण्याचें कारण नाहीं. तिनें नवी वाट पाडली. त्या वाटेवर गाणें मागें राहिलें, एवढेंच. नव्या श्रोत्यानें प्रथम तिसरी बाजू ऐकावी, मग चौथी. आणि त्यानंतर एखाद्या निवांत रात्रीं 'रॉक बॉटम' लावावी. मागें राहिलेलें तें गाणें तेथें त्याची वाट पाहत असतें.