लेखणी अडते तेव्हा

(गिरगाव येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



द्वारसभेत तासभर बोलणारा आपला कार्यकर्ता कोऱ्या कागदापुढे मुका होतो. विषय संपलेला नसतो. समोरचा श्रोता नाहीसा झालेला असतो आणि त्याच्या जागी मनातला परीक्षक येऊन बसलेला असतो.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे फेब्रुवारी ते जून दर रविवारी गीतेवर १८ प्रवचने केली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा बोलण्यातून सिद्ध झाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांतले हयात आहेत ते आता वृद्ध झाले. त्यांनी सांगितले नाही, तर उद्याच्या अभ्यासकाच्या हाती केवळ मालकांचे ताळेबंद उरतील.

म्हणून दोघांनी जोडीने बसावे. एकाने सांगावे, दुसऱ्याने त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे. शुद्धलेखन मागाहून पाहता येईल. सांगणारा थांबलाच, तर लिहिणाऱ्याने एवढेच विचारावे : 'मग पुढे काय झाले?'