कच्चे मडके

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानली. आजच्या गुणवंतांचे कौतुक यापूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित केलेच आहे. त्यात आमचाही स्वर मिळवून, जे विद्यार्थी आज या सभागृहात आलेले नाहीत त्यांच्याविषयी बोलण्याची आम्ही आपली अनुज्ञा मागतो. बक्षिसास पंच्याऐंशी टक्क्यांची अट आहे. ती ज्यांस गाठता आली नाही ती मुले घरी राहिली, कित्येकांस तर आईबापांनीच "तू कशाला येतोस?" म्हणून मागे ठेवले. ज्ञातीच्या सोहळ्यात ज्ञातीचीच निम्म्याहून अधिक मुले दाराबाहेर असावीत, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली आहे.

आपण सारे संत नामदेवमहाराजांचे नाव सांगणारे लोक. त्यांची एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोपऱ्यातील थापटणे पाहून मुक्ताबाईंनी विचारले, "हे कशाचे?" मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे काका म्हणाले, आणि मुक्ताबाईंच्याच सांगण्यावरून ते एकेकाच्या मस्तकावर मारीत निघाले. सर्वांनी निमूटपणे सोसले. नामदेव मात्र चिडले, आणि काकांनी निकाल दिला : हे मडके कच्चे! अपमानाने व्यथित झालेले नामदेव पंढरीस आले, आणि विठ्ठलाच्या सांगण्यावरून विसोबा खेचरांस शरण गेले. पुढे त्यांची वाणी पार पंजाबात पोहोचली.

कीर्तनकार या कथेतून अहंकार सोडण्याचा बोध घेतात, आणि तो योग्यच आहे. पण आम्ही आज दुसरीकडे लक्ष वेधू इच्छितो. कुंभार कच्चे मडके उकिरड्यावर फेकीत नाही. तो ते आव्यात घालतो. कच्चेपणा ही मडक्याची अवस्था आहे, जात नव्हे. आपण मात्र शाळेचे थापटणे मुलाच्या मस्तकी एकदा वाजले, की त्याची जात ठरवून मोकळे होतो. हा हुशार, तो ढ. जणू सटवाईने पाचवीच्या रात्री कपाळी गुणपत्रिकाच लिहून ठेवली आहे!

बुद्धिमापनाची पहिली उपयुक्त कसोटी पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिद्ध केली. कोणत्या मुलास अधिक साहाय्य हवे हे ओळखणे हा तिचा हेतू होता. बुद्धी हे जन्मतः ठरलेले, न वाढणारे माप आहे, या मताचा त्याच बिने यांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात कडक निषेध केला. थापटणे करणारानेच थापटण्याचा दुरुपयोग करू नका म्हणून बजावले. जगाने थापटणे घेतले आणि बजावणी विसरले.

अलीकडच्या काळात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी या विषयाचा दीर्घ अभ्यास केला. बुद्धी स्थिर आहे असे मानणारी एक मनोवृत्ती आणि ती श्रमाने, योग्य रीतीने व इतरांच्या साहाय्याने वाढते असे मानणारी दुसरी, असे दोन प्रकार त्या सांगतात. शिवरायांच्या राजमुद्रेमुळे 'वर्धिष्णु' हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. या दुसऱ्या वृत्तीस आम्ही वर्धिष्णू वृत्ती म्हणू. ड्वेक व त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग प्रत्येक आईबापाने ध्यानी धरण्यासारखे आहेत. पाचवीच्या मुलांस काही कोडी घातली. ती सुटल्यावर काहींस "तू हुशार आहेस" म्हटले, तर काहींस "तू मेहनत घेतलीस" म्हटले. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. सर्वांचीच त्रेधा उडाली. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुले पूर्वीपेक्षा मागे पडली आणि मेहनती म्हटलेली पुढे गेली. इतकेच नव्हे, तर आपले गुण इतरांस कळविताना खोटे सांगणारी मुलेही पहिल्या गटातच अधिक निघाली. सबब, आज या व्यासपीठावर आलेल्या गुणवंतांसही आमचे सांगणे आहे, की 'हुशार' ही पदवी जपत बसू नका. ती जपणारा अवघड प्रश्नाच्या वाटेस जात नाही.

परोपदेश सोपा असतो; म्हणून आमची स्वतःची चूकही येथे सांगणे प्राप्त आहे. आमच्या एका भाच्यास आठवीच्या वार्षिक परीक्षेत गणितात शंभरांपैकी अठरा गुण मिळाले. तो रडू लागला. आम्ही त्यास जवळ घेऊन म्हटले, "बाळा, मनास लावून घेऊ नकोस. आपल्या घराण्यात गणित कुणालाच आले नाही." आम्हांस वाटले, आम्ही सांत्वन केले. वस्तुतः आम्ही निकाल दिला होता. त्या दिवसापासून मुलाने गणिताचे पुस्तक उघडले नाही, आणि वर्गात प्रश्न विचारणेही सोडले.

त्यास सावरले ते आमच्या वडीलबंधूंनी. ते सातवीपर्यंतच शिकलेले. सारा जन्म दुकानात गेला. त्यांनी मुलाला उत्तरपत्रिकेसह बोलावले, ती कापड बेतायच्या टेबलावर पसरली आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाला सदरा बसला नाही, तर आपल्या घराण्यात शिवण नाही असं आपण म्हणतो का रे? टाका कुठं चुकला ते बघतो, तेवढंच उसवतो आणि पुन्हा शिवतो." दोघांनी एकेक गणित तपासले. बहुतेक चुका जेथे अपूर्णांक येतो तेथे होत्या. पाचवीतला टाका सुटला होता आणि आठवीची शिवण त्यावर चालली होती! बंधूंस बीजगणित येत नव्हते, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे त्यांच्या बोटांत होते. दुकान बंद झाल्यावर रोज तासभर त्यांनी टेपावर अपूर्णांक शिकविले, आणि पुढच्या भागासाठी त्यास एका शिक्षकांकडे पाठविले. मुलगा एकदम पहिला आला, असे आम्ही सांगणार नाही. दहावीच्या मार्चच्या परीक्षेत त्याचे गणित चार गुणांनी राहिले. जुलैच्या पुरवणी परीक्षेत त्यास बावन्न गुण मिळाले. आज तो तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षास आहे; आणि न समजलेले विचारण्याची त्यास लाज वाटत नाही, याचे मोल आम्हांस त्या बावन्न गुणांहून अधिक वाटते.

ज्ञातिबंधूंनो, एका घरात आम्ही जे बोललो तेच आपण लग्नकार्यात, बैठकीत सर्वांदेखत बोलतो : "आपल्या लोकांच्या हातात कला आहे, पण गणित-शास्त्र आपल्या रक्तात नाही." इतरांनी आपल्यास कमी लेखले तर आपण सभा भरवून निषेध करतो, हे वाक्य मात्र आपणच मुलांस बाळकडूसारखे पाजतो. हातातली कला तरी रक्तातून आली काय? काजे करण्याची विद्या घेऊन कोण जन्मास आले? चिंध्यांवर शेकडो काजे बिघडविल्यावर हात बसला, आणि कात्री तर सर्वांत शेवटी हाती आली. दुकानात जो न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळला, तोच मुलाच्या वहीस लावा, एवढेच आमचे मागणे आहे.

येथे एक सावधगिरीही हवी. नुसते "मेहनत कर" म्हणून भागत नाही. वाकडी शिवण दहा वेळा वाकडीच घातली, तर हात दुखेल, शिवण सरळ होणार नाही. कोठे चुकले हे दाखविणारा कोणीतरी लागतो. ज्या घरात अभ्यासास कोपरा नाही, पुस्तकास पैसा नाही, तेथे मनोवृत्तीचे प्रवचन झोडणे ही क्रूरता होय. या उपायाचे फळही बेताचेच आहे. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक तासाहून कमी वेळाच्या शिकवणीने मागे पडलेल्या मुलांचे गुण चारच्या मापावर सुमारे ०.१ ने वाढले. वाढ लहान, पण खर्चही लहान. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या शाळांत सोबत्यांमध्ये अवघड काम अंगावर घेण्याची चाल होती, तेथे हे बीज अधिक रुजले. म्हणजे एकट्या मुलाचे मन पालटून पुरत नाही; भोवतालची माणसेही पालटावी लागतात. ती माणसे म्हणजे आपणच.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. आईबापांनी निकालाच्या दिवशी "किती पडले?" यानंतर "कोठे अडले?" हाही प्रश्न विचारावा, आणि मूल "मला येत नाही" म्हणाले तर "अजून येत नाही" असे त्याचे वाक्य सुधारावे. संस्थेने पुढील वर्षापासून पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या आणि मागील वर्षाहून ठळक प्रगती करणाऱ्या विद्यार्थ्यांचाही याच व्यासपीठावर सत्कार करावा. आणि दहावीच्या निकालापासून पुरवणी परीक्षेपर्यंत, संस्थेचे हे सभागृह सायंकाळी अभ्यासवर्गास मोकळे ठेवावे. आज बक्षीस घेणाऱ्यांनी तेथे येऊन धाकट्यांस शिकवावे. या वर्गासाठी आम्ही अकरा हजार रुपयांची अल्प देणगी चिटणिसांच्या स्वाधीन करीत आहोत, आणि आठवड्यातील दोन सायंकाळीही देऊ करतो. बीजगणित आम्हांस आजही नीट येत नाही. ते आम्ही मुलांबरोबर बसून शिकू.

गोरोबाकाकांनी नामदेवांस कच्चे म्हटले, पण त्यांस आपल्या मेळ्यातून काढून टाकले नाही. पुढील वर्षी या सभागृहात आज मागे राहिलेली मुलेही दिसावीत, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.