सालदारांचीं नांवें

अक्षय्यतृतीयेस खानदेशांत अखाजी म्हणतात. लेकी माहेरीं येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नांवानें घागर भरली जाते. शेतावरील सालदाराचें वर्षहि याच सणाला संपतें व नवें सुरू होतें. त्या दिवशीं मालकाची वही उघडली जाई, वर्षाचा हिशेब होई आणि पुढील साल कोणाच्या घरीं काढावयाचें तें ठरे. ज्याच्या अंगावर बाकी निघे, त्याला मात्र ठरविण्यासारखें कांहीं उरत नसे.

सालदारी ही सर्वत्र गुलामगिरी होती असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ठराविक रकमेवर वर्षभर काम करण्याचा तो करार. कित्येक कुटुंबांचा त्यावर निर्वाह झाला. परंतु लग्नासाठीं किंवा दुखण्यासाठीं घेतलेली उचल त्याला चिकटली, कीं त्याचें स्वरूप पालटे. आजारपणाच्या दिवसांचा खाडा धरला जाई, व्याज वाढे आणि नव्या सालाची मजुरी जुन्या बाकींत जिरून जाई. पहांटे बैलांना वैरण घालण्यापासून रात्रीं पिकाची राखण करण्यापर्यंत त्याचा सारा वेळ मालकाचा. बायको गोठा झाडी, मुलगा गुरें वळी. करार एकाशीं होई, राबे सगळें घर. पूर्वींच्या पश्चिम खानदेशांत, विशेषतः शहादें व तळोदें या भागांत, ही स्थिति मुख्यत्वें भिल्ल कुटुंबांच्या वाट्यास आली. त्यांतील अनेकांच्या जमिनी आधींच कर्जापायीं दुसऱ्यांच्या हातीं गेल्या होत्या. हा भाग १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होता. पुढें नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

माणसाच्या खरेदीविक्रीची चाल महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. पेशवाईंत कुणबिणी व बटकी विकत घेतल्या जात. दळणकांडण, गोठे, कोठार हीं त्यांचीं कामें, आणि त्यांचीं मुलेंहि धन्याचींच समजलीं जात. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. १८४३ च्या कायद्यानें न्यायालयांनीं गुलामीचा हक्क मानणें बंद केलें. १८६२ पासून अमलांत आलेल्या दंडसंहितेनें गुलामांची खरेदीविक्री हा गुन्हा ठरविला. तरीहि कर्जापोटीं माणसाला वेठीस धरण्याची पद्धति राहिली. ती देशभर रद्द करणारा कायदा होण्यास १९७६ साल उजाडावें लागलें.

हा कायदा होण्यापूर्वींच शहाद्याच्या आदिवासींनीं आपला प्रश्न उभा केला होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे त्यांच्यांतूनच आलेले पुढारी व १९७२ सालीं स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनीं सालदारांची मजुरी आणि गेलेल्या जमिनी यांसाठीं लढा दिला. स्त्रियांनीं दारूचीं मडकीं फोडलीं. आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयींचा राज्याचा कायदा १९७४ चा आहे.

हें सर्व इतिहासांत नमूद झालें. परंतु ज्यांनीं तें सोसलें त्यांचीं नांवें कोठें आहेत? वाडा ज्यानें बांधविला त्याचें नांव गांव सांगतें. वाड्याच्या मागील दारानें आयुष्यभर ये-जा करणाऱ्याचें कोणी सांगत नाहीं.

या बाबतींत अमेरिकेचें एक उदाहरण विचार करण्याजोगें आहे. व्हर्जिनियांतील माउंट व्हर्नन ही जॉर्ज वॉशिंग्टनची इस्टेट. तेथील गुलामांची यादी त्यानें १७९९ सालीं तयार केली. तींत ३१७ माणसें असून त्यांचीं नांवें, कामें व नातीं नोंदलेलीं आहेत. धन्यानें ती आपल्या व्यवहारासाठीं केली. पण तिच्याचमुळें त्या कुटुंबांची ओळख आज सांगतां येते. त्यांच्या दफनभूमीजवळ १९८३ सालीं स्मारकहि उभें राहिलें. ज्या कागदानें माणसाला मालमत्ता ठरविलें, त्याच कागदानें त्याचें नांव राखलें.

खानदेशांतील जुन्या वह्यांचें मोल यावरून ध्यानांत यावें. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून माळ्यांवरील दप्तरें जमविलीं; त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यांतच आहे. सनदा व पत्रें जशीं जतन झालीं, तशा सालदारांच्या वह्याहि व्हावयास हव्यात. घर पाडतांना त्या रद्दींत जातात, आणि त्यांबरोबर एका कुटुंबाच्या दोन-तीन पिढ्यांचा एकमेव लेखी पुरावा नाहींसा होतो. वहींत केवळ उचल, खाडा आणि बाकी असते. राबणाऱ्या बायकोचें नांव बहुधा नसतेंच. तें सांगूं शकणारीं म्हातारीं माणसें अजून गांवांत आहेत. वहींतील नांव त्यांना वाचून दाखवावें, आणि तीं सांगतील तें शेजारीं लिहून ठेवावें.

मालकाच्या वंशजांनीं यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. आजोबांच्या वागणुकीचा जाब नातवाला कोणी विचारीत नाहीं. आजोबांची वही मात्र त्याच्याच माळ्यावर आहे. येत्या अखाजीला पितरांची घागर भरतांना ती खालीं काढली, तर ज्यांचें नांव कोणी घेत नाहीं अशा कांहीं पितरांचीहि आठवण होईल.